रिमोटच्या गाडीची सुधारणा

पंचेचाळिशी ओलांडली की आमच्या धाराशिवात माणसाला तीनपैकी एक गोष्ट करावीच लागते. बायपासला प्लॉट घ्यायचा, पहाटे मैदानावर फेऱ्या मारायला जायचं, नाहीतर कुठल्या तरी मंडळाचं उपाध्यक्ष व्हायचं. मी रिमोटवर चालणारी गाडी घेतली.

पार्सल कॉलेजच्या पत्त्यावर मागवलं, कारण घरी मागवलं असतं तर आधी सांगावं लागलं असतं. मी ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं फिजिक्स शिकवतो. एवढा मोठा खोका टेबलावर आल्यावर स्टाफरूममधले सगळे भोवती जमले. मी म्हणालो, "शैक्षणिक साहित्य आहे. स्प्रिंग, दोलन, घर्षण, सगळं एकातच शिकवता येतं." सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. शैक्षणिक साहित्य म्हणजे काय, हे आमच्या स्टाफरूमला नीट ठाऊक आहे. तपासणीच्या दिवशी कपाटातून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी परत कुलपात घालायचं, ते. माझं कपाटात न जाता थेट घरी गेलं, एवढाच काय तो फरक.

गाडी हातभर लांब होती. चार जाड रबरी चाकं, पोटात बॅटरी आणि मोटार, प्रत्येक चाकापाशी धक्का जिरवणारा, तेल भरलेला बोटाएवढा शॉकप आणि त्याच्यावर चढवलेली स्प्रिंग. तिला खेळणं म्हणायचं नाही. या छंदातल्या लोकांना ते फार लागतं. मी घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, "हे खेळणं नाही."

"मग काय आहे?"

"मॉडेल आहे."

"बरं," ती म्हणाली आणि शिलाई मशीनकडं वळली. ती घरी ब्लाऊज शिवते. अर्ध्या कॉलनीची मापं तिला तोंडपाठ आहेत. माझं माप तर तिनं लग्नातच घेतलं होतं.

कॉलनीच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे. मुरूम, गाजर गवत आणि कुणीतरी घर बांधताना टाकून दिलेले विटांचे तुकडे. गाडीच्या पहिल्या प्रवासाला मी ही जागा निवडली. सकाळची वेळ होती. बायको गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. मी रिमोटचा बंदुकीसारखा घोडा ओढला आणि गाडी अशी सुटली की प्लॉटवर झोपलेलं कुत्रं उठून कॉलनीच सोडून गेलं. मला इतका आनंद झाला की मी तिला सरळ मुरमाच्या ढिगावर घातली. ती हवेत गेली. हवेत असताना फार सुंदर दिसत होती. खाली आली तेव्हा पुढचं डावं चाक तिच्या मागून वेगळं आलं.

तुटला होता तो खालचा आर्म. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा हात. या हाताच्या जोरावरच चाक वरखाली होतं आणि त्याचा धक्का शॉकपला मिळतो.

"झालं का प्रात्यक्षिक?" गच्चीवरून प्रश्न आला.

"झालं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात सुधारणेचं पर्व सुरू झालं. मी व्हिडिओ बघायला लागलो. प्रत्येक व्हिडिओत एक दाढीवाला माणूस कंपनीचा प्लॅस्टिकचा आर्म दोन बोटांत धरून वाकवून दाखवायचा आणि तुच्छतेनं टेबलावर टाकायचा. मग निळ्या रंगाचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा आर्म काढायचा, तो वाकवायचा प्रयत्न करायचा, वाकत नाही हे दाखवायचा आणि हसायचा. जे वाकतं ते वाईट आणि जे वाकत नाही ते चांगलं, एवढं साधं तत्त्वज्ञान होतं. मला ते इतकं पटलं की आपण फिजिक्सचे शिक्षक आहोत हे मी विसरून गेलो.

अ‍ॅल्युमिनियमचे चार आर्म मागवले. ते खरंच तुटले नाहीत. पुढच्या रविवारी शॉकपला वरून धरणारी उभी पट्टी तुटली. मग ती अ‍ॅल्युमिनियमची मागवली. तीही तुटली नाही. तिला धरणारे स्क्रू गाडीच्या तळातून उपटून आले, येताना तळाचा टवका घेऊन आले. मोठे स्क्रू बसवले. मधल्या काळात मी सगळ्यात कडक स्प्रिंगा आणल्या आणि शॉकपमध्ये सगळ्यात जाड तेल भरलं, कारण पातळ तेल हे मला व्यक्तिमत्त्वाच्या दृष्टीनं कमकुवत वाटलं. गाडी आता निळी, जड आणि अत्यंत रुबाबदार दिसत होती. ढिगावरून उडाली की खाली येऊन एकदाच ठण् आवाज करायची आणि तिथून पुन्हा उडायची.

"आता तुटायचं काय राहिलंय?" बायकोनं एकदा भाकरी वाढताना विचारलं.

"चासी," मी म्हणालो. चासी म्हणजे गाडीचा तळ, ज्याच्यावर सगळं बसवलेलं असतं.

"मग ती तुटंल."

त्या रविवारी चासीला मधोमध तडा गेला. मला तुटल्याचं दुःख झालं नाही, तिचं म्हणणं खरं ठरल्याचं झालं.

याच सुमारास मी अकरावीला स्प्रिंगचा धडा शिकवत होतो. फळ्यावर दर वर्षीप्रमाणं लिहिलं, 'एका वस्तुमानरहित, आदर्श स्प्रिंगला...' आणि हात थांबला. वस्तुमानरहित स्प्रिंग मी वीस वर्षं फळ्यावर टांगत आलो होतो. तिनं मला कधी त्रास दिला नव्हता. खोक्यातून आलेल्या चार स्प्रिंगांनी मात्र दोन महिन्यांत माझी पदवी शंकास्पद केली होती. मी खडू खाली ठेवला नाही. उदाहरण सोडवलं, बरोबर उत्तर आलं. फळ्यावर नेहमी येतंच.

तडा गेलेल्या चासीच्या जागी जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट कापून घ्यायची असं मी ठरवलं आणि त्यासाठी चाचांकडं गेलो.

चाचांचं लेथचं दुकान शहराच्या कडेला, बेंबळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सत्तरीचे गृहस्थ, पांढरी दाढी, अंगात तेलाचे डाग पडलेला पण इस्त्री केलेला शर्ट. पंपाचे शाफ्ट, उसाच्या रसाच्या चरकाचे रूळ असली कामं त्यांच्याकडं येतात. दुकान काढण्याआधी तीस वर्षं त्यांनी बसच्या वर्कशॉपात कमानीचं काम केलं. कमान म्हणजे बसच्या खाली एकावर एक रचलेले पोलादी पाटे. खड्ड्यात चाक गेलं की हे पाटे दबतात, म्हणून वरचा माणूस वाचतो. थोडक्यात, तीस वर्षं या माणसानं फक्त धक्क्याचाच विचार केला होता. मी त्यांना धक्क्याबद्दल शिकवायला निघालो होतो.

त्यांनी गाडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "सर, हे काय, लग्नाची घोडी सजवली का?"

मी आर्म, पट्टी, चासी सगळं समजावून सांगितलं आणि चार मिलीमीटर जाडीची प्लेट मागितली.

"येवढी जाड कशाला?"

"वाकू नये म्हणून."

"वाकली न्हाय तर धक्का जाईल कुठं?"

प्रश्न अगदी साधा होता, आणि साध्या प्रश्नाला मोठं उत्तर द्यायची मला सवय आहे. मी खिशातला खडू काढला आणि त्यांच्या लेथच्या पत्र्यावर स्प्रिंगचा नियम लिहून दाखवला. बल किती, ताण किती, स्थिरांक कुठला. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बहुत बढिया," म्हणाले आणि फडक्यानं पत्रा पुसून मला हवी तशी चार मिलीमीटरची प्लेट कापून दिली. गिऱ्हाईक आणि मास्तर, दोघांशीही वाद घालू नये, हे त्यांना आयुष्यानं शिकवलं असावं. माझ्यात दोघंही होते.

दरम्यान सोलापूरच्या काही मंडळींशी माझी ओळख झाली होती. अशा गाड्यांचे दहा-बारा शौकीन, दर महिन्याला एका रविवारी शहराबाहेरच्या एका शेतात मातीचा ट्रॅक करून शर्यत लावायचे. त्यांच्यातले एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याशी फोनवर बोलताना मी माझ्या गाडीचं वर्णन केलं. सगळं धातूचं आहे हे ऐकल्यावर ते म्हणाले, "अरे वा. या तर मग." तो आवाज मी नंतर ओळखला. दाताचा एक्स-रे बघून डॉक्टर लोक पेशंटला 'घाबरू नका' म्हणतात, तोच आवाज.

मी गेलो. ट्रॅकच्या कडेला मंडप होता, मंडपात माईक होता आणि माईकवर एक उत्साही गृहस्थ होते. डॉक्टरांची गाडी बघून मला त्यांची कीव आली. आर्म प्लॅस्टिकचे, स्प्रिंगा मऊ, दाबलं तर अर्धी गाडी खाली बसत होती. मी माझी गाडी त्यांच्या गाडीशेजारी ठेवली, मुद्दाम थोडी पुढं.

शर्यत सुरू झाली. सरळ रस्त्यावर माझी गाडी बरी पळाली. पहिल्या वळणावर मागचं चाक जमिनीला टेकेचना, कारण चाकं इतकी जड झाली होती की खड्डा येऊन गेल्यावर त्यांना कळायचं. मग मातीचा उंचवटा आला. बाकीच्या गाड्या त्यावरून उडाल्या, खाली येऊन पोट टेकेपर्यंत दबल्या आणि पुढं पळाल्या. माझी उडाली, खाली आली आणि दबलीच नाही. मी दोन महिने खपून तिच्यात दबण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. चेंडूसारखी उसळून ती आडवी झाली, कडेच्या पाईपवरून पलीकडं गेली आणि मंडपातल्या टेबलावर, पोह्यांच्या ताटात जाऊन बसली.

"धाराशिवचे सर," माईकवरचे गृहस्थ म्हणाले, "आपली गाडी इथं नाश्त्याला आलेली आहे."

सगळे हसले. मीही हसलो. शिक्षकाला वर्ग हसला की आपणही हसायचं असतं, नाहीतर ते आपल्यावर हसले असं होतं. डॉक्टर धावत आले आणि गाडी उचलून बघायला लागले. आर्म शाबूत, पट्टी शाबूत, चासी शाबूत. आतली गिअरची पेटी मात्र मधोमध फुटली होती. बाहेर कुठं जायला वाट नाही म्हटल्यावर धक्का आत शिरला होता.

"मटेरियल उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "गाडीतच काय ती गडबड आहे."

परतीच्या बसमध्ये मागची सीट मिळाली, बरोबर चाकावरची. शेजारी तुळजापूरला निघालेल्या एक आजी होत्या, मांडीवर देवीची परडी. पिशवीतून बाहेर आलेलं चाक बघून त्यांनी विचारलं, "नातवाला व्हय?" माझ्या डोक्यावरचे सगळेच केस काही पांढरे झालेले नाहीत. तरी मी हो म्हणालो. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं ही गाडी आपली आहे असं सांगण्यापेक्षा नातू असणं सोपं वाटलं. पुढं खड्डा आला. आजी, मी आणि परडी तिघंही वर गेलो आणि आपापल्या जागी नीट परत आलो. चाचांचा प्रश्न मला तेव्हा नीट ऐकू आला. तसं म्हटलं तर तो मी दुकानातच ऐकला होता, पण माझं स्वतःचं व्याख्यान जास्त मोठ्यानं चाललं होतं.

घरी आल्यावर गाडी कपाटावर ठेवली. पंधरा दिवस मी चाचांच्या रस्त्यानं गेलो नाही. खरं तर मला त्या बाजूला काम असायचं, पण मी वळसा घालून जायचो. आपण चूक होतो हे मान्य करायला मला हरकत नव्हती. ते चाचांसमोर मान्य करायला होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी कॉलेजातून आलो तर कपाटावर गाडी नव्हती. बायकोही नव्हती. शेजारणीनं सांगितलं, भाजीची पिशवी घेऊन लेथवाल्या चाचांकडं गेल्या. मला क्षणभर वाटलं, हिनं गाडी भंगारात काढली. उन्हात चालत गेलो. दुकानात बघतो तर लेथ बंद, दोन स्टुलं, दोन कप चहा, आणि मध्ये पेपरवर माझी गाडी सुटी करून पसरलेली. एकेक निळा आर्म ओळीत मांडलेला, पोस्टमॉर्टेमला ठेवल्यासारखा.

"या सर," चाचा म्हणाले. "बाई म्हणाल्या, ही एकतर पळती करा, न्हायतर वजनकाट्याला वजन म्हणून द्या."

बायको चाचांना माझ्याआधीपासून ओळखत होती, हे मला तेव्हा कळलं. तिच्या शिलाई मशीनचा दांडा दहा वर्षांपूर्वी त्यांनीच करून दिला होता. दर वर्षा-दोन वर्षांनी ती तिथं जायची. हे मला माहीत नव्हतं कारण मी विचारलं नव्हतं. मी त्या काळात आदर्श स्प्रिंग शिकवत होतो.

चाचांनी मला तिसरं स्टूल दिलं आणि दाखवायला सुरुवात केली. आधी शॉकप. दांडा दाबून म्हणाले, "हे तेल न्हाय, गूळ हाय. दबतच न्हाय तर करायचं काय त्याला?" मग त्यांनी गाडीची जुनी मऊ स्प्रिंग माझ्या हातात दिली. ती मी डब्यात टाकून दिली होती, बायकोनं शोधून आणली होती. "हे कंपनीवाल्यानं दिलं, ते येडा होता का सर?"

"आणि आर्म?" मी विचारलं. "प्लॅस्टिकचे परत तुटतील."

"तुटणारं प्लॅस्टिक वेगळं, लवणारं वेगळं," चाचा म्हणाले. "जाड पायजे, पण लवलं पायजे. तसलं काय माझ्याकडं न्हाय."

तेव्हा बायकोनं भाजीच्या पिशवीतून पांढरा जाड बोर्ड काढला. भाजी चिरायचा. माझ्या बहिणीनं पुण्याहून भेट दिला होता, चार वर्षांपूर्वी.

"अगं, हा ताईनं दिलेला..."

"मी विळीवर चिरते," ती म्हणाली. "चार वर्षं ह्याच्यावर फक्त तुमची बिलं ठेवलेली असतात."

चाचांनी बोर्ड दोन हातांत धरून वाकवला. तो वाकला आणि सोडल्यावर परत सरळ झाला. चाचांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत पाहिलेलं नाही.

आठ दिवस संध्याकाळी आम्ही तिथं बसलो. बोर्डातून चार आर्म कापले, भोकं पाडली, कडा घासल्या. चासीसाठी चाचांनी माझी चार मिलीमीटरची प्लेट बाजूला ठेवून दोन मिलीमीटरची कापली आणि जिथं जोर नाही तिथं गोल भोकं पाडून हलकी केली. माझ्या जाड प्लेटवर त्यांनी चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. फुटलेली गिअरची पेटी मी नवी मागवली, कारण निदान एक गोष्ट तरी मीच करणं भाग होतं. शॉकपमध्ये तेल भरायचं काम मला दिलं होतं. बुडबुडा राहिला तर चाचा म्हणायचे, "सर, परत." विद्यार्थ्यांना मी परत लिहून आणायला सांगतो तेव्हा त्यांना कसं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. मला ते आवडलं नाही.

पेटी आली, गाडी जोडून झाली. चाचांनी ती गुडघ्याएवढ्या उंचीवर धरली आणि सोडून दिली. ती खाली आली, पोट टेकेपर्यंत बसली, सावकाश उठली आणि थांबली. उसळली नाही.

"मांजर जशी उतरती," चाचा म्हणाले, "तशी उतरली पायजे. बस."

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर नेली. मी रिमोट हातात घेतला आणि नेहमीसारखा घोडा पूर्ण ओढला. गाडी वळणावर घसरून गवतात गेली. परत आणली, परत गेली. चाचा विटांवर बसले होते, बायको कडेला उभी होती. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "मला द्या जरा."

मी दिला. खरं सांगायचं तर तिनं ती भिंतीवर आपटावी, अशी माझी बारीकशी इच्छा होती. आपल्याला जे येत नाही ते बायकोलाही येऊ नये, एवढी अपेक्षा नवऱ्यानं ठेवली तर फार नाही.

तिनं गाडी हळू सोडली. वळणाच्या आधी वेग कमी केला, वळण संपत आलं तसा वाढवला. मुरमाच्या ढिगावरून उडवली, गाडी खाली बसली, उठली, पुढं गेली. एक फेरी, दोन, पाच. चाक एकदाही निघालं नाही. चाचांनी टाळी वाजवली.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"ह्यात शिकायचं काय? गळ्याचा कट शिवतानी असंच असतं. वळण यायच्या आधी पाय हलका करायचा. कापड ओढलं की सुई तुटती." मग म्हणाली, "तुम्ही ओढता."

पुढच्या महिन्याच्या शर्यतीला आम्ही तिघं गेलो. बायकोचं नाव नोंदवलं तेव्हा माईकवरचे गृहस्थ मला म्हणाले, "सर, आज तुम्ही नाही?" मी म्हणालो, "मी तांत्रिक बाजू बघतो." तांत्रिक बाजू म्हणजे हातात तेलाची बाटली, छोटा पाना आणि बायकोची पर्स.

दहा गाड्या होत्या. पहिल्या फेरीत ती नववी होती. कुणाच्या मागं लागली नाही, कुणाला धडकली नाही. जे घाई करत होते ते एकेक करून उलटायला लागले. पाचव्या फेरीत ती सहावी झाली. सातव्या फेरीत वळणावर डॉक्टरांची गाडी आतून घुसली आणि आमच्या पुढच्या चाकावर आदळली. आर्म मागं वाकला, इतका की चाक आडवं दिसलं, आणि दुसऱ्या क्षणी सरळ झाला. ती पुढं निघाली. डॉक्टरांचा आर्म तुटला होता.

ती चौथी आली. चौथ्याला तिथं काही मिळत नाही, पण माईकवरच्या गृहस्थांनी "धाराशिवच्या ताई" असं तीन वेळा म्हटलं. पहिल्या तिघांची नावं त्यांनी एकेकदाच घेतली. डॉक्टर आपली गाडी काखेत मारून आले, आमच्या गाडीखाली वाकून बघायला लागले आणि त्यांनी मला विचारलं, "सर, हे आर्म कुठल्या कंपनीचे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते चाचांकडं वळले होते, कारण चाचांनी त्यांचा तुटलेला आर्म आधीच हातात घेतला होता. मग बराच वेळ सगळी सोलापूरची मंडळी चाचांभोवती होती. बायको दोन बायकांना वेग कधी कमी करायचा ते सांगत होती. मी पोहे खाल्ले.

मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं. नाही लिहिलं तर खोटं होईल. पण त्या आनंदात एक खडा होता. बसमध्ये बायकोनं विचारलं, "राग आला का?"

"नाही."

"थोडा आला असंल तर येऊ द्या," ती म्हणाली. "गाडी तुम्हीच आणली."

हे समजूत घालणं होतं की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिच्याकडं दोन्ही एकाच कापडातून बेततात.

आता दर महिन्याला आमचा सोलापूरचा फेरा असतो. चाचांकडं लातूर-सोलापूरहून आर्म करून मागणारे फोन येतात. बहुतेकांना ते नाही म्हणतात. कारण विचारलं तर, "वो लोगां को जल्दी है," म्हणतात. मी वर्गात स्प्रिंगचा धडा शिकवतो तेव्हा गाडी नेतो. मुलं मागच्या बाकावरून पुढं येऊन बसतात. प्राचार्यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि शैक्षणिक साहित्याचा वापर होताना बघून त्यांना जरा धक्काच बसला.

चाचांनी इतक्या महिन्यांत रिमोटला एकदाही हात लावला नव्हता. गाडी उलटी करून खालून बघायचे, दाबून बघायचे, कानाशी धरून मोटार ऐकायचे, पण चालवायला दिली की हात मागं घ्यायचे. मला वाटायचं, वयामुळं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ते घरी आले होते. प्लॉटवर बायको सराव करत होती. तिनं रिमोट त्यांच्यापुढं धरला.

"नको बाई. म्या खालचा माणूस," ते म्हणाले. "तीस वर्षं बसच्या खाली पडून काम केलं. वर बसून कधी चालवली न्हाय. ड्रायव्हर वेगळा, आपन वेगळं."

"मग आज चालवा," ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही हात शर्टाला पुसले आणि रिमोट घेतला. घोड्यावर बोट ठेवलं आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे चालायला लागली, पळायला नाही. मी एवढ्या हळू ती गाडी चालताना कधी पाहिली नव्हती. विटांचे तुकडे आले की थांबायची, मग एक चाक वर, दुसरं चाक वर, आणि हलकेच पलीकडं. ढिगावरून त्यांनी तिला उडवलं नाही, बाजूनं वळसा घालून नेलं. प्लॉटच्या टोकाला एक शेळी आडवी उभी होती. चाचांनी गाडी थांबवली आणि शेळी जाईपर्यंत थांबले.

मला बोलायची सवय आहे. मी म्हणणारच होतो की चाचा, हिचा वेग याच्या वीसपट आहे. बायकोनं माझ्या दंडावर हात ठेवला. गाडी परत येत होती, हळूहळू, कुणालाही हादरा न देता. चाचांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. ते बसचे थांबे मोजत होते.